रायाबाईच्या सांदवाडीतली चितळं

वन आणि मानव यांचं नातं अनादी आहे. जिथे अरण्य सुरक्षित, तिथेच संस्कृती सुरक्षित. हे वाक्य माझं आहे. नोकरीत असताना दर वन्यजीव सप्ताहाला कुठल्या ना कुठल्या साहेबांच्या भाषणासाठी मी ते लिहून देत असे आणि दर वर्षी त्यावर टाळ्या पडत. एका साहेबांनी तर ते दोनदा वाचून दाखवलं. कार्यक्रम एका खेड्यातल्या शाळेच्या पटांगणात होता. साहेबांचं भाषण चालू असताना शाळेच्या मागच्या बाजूला दोन चितळं उभी होती आणि सकाळीच पाहुण्यांच्या हस्ते लावलेली रोपं एका टोकाकडून खात येत होती. साहेबांना ती दिसत नव्हती. समोर बसलेल्या पोरांना दिसत होती. टाळ्या नेमक्या कशासाठी पडल्या, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वाघाचा एखादा थरारक अनुभव?" वाघ मी नोकरीत मोजक्या वेळा पाहिला. दर वेळी तो चालला होता आणि मी थांबलो होतो. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझा जन्म गेला तो चितळांत. चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेलं, कॅलेंडरवर असतं ते हरीण. संपादक जरा हिरमुसले, पण "बरं, तेही चालेल" म्हणाले. म्हणून हे लिहितो आहे.

मी निवृत्त वनपाल. वनपाल म्हणजे वनरक्षकाच्या वर आणि बाकी सगळ्यांच्या खाली. वनरक्षकाकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. असे तीन-चार बीट मिळून एक राउंड, आणि तो वनपालाच्या गळ्यात. म्हणून गावोगाव आम्हाला 'राउंडसाहेब' म्हणतात. लोकांना वाटतं वनपाल दिवसभर झाडांवर आणि जनावरांवर लक्ष ठेवतो. प्रत्यक्षात तो माणसांच्या तक्रारी ऐकतो. जनावरांनी माझ्याकडे कधी तक्रार केली नाही, नाहीतर रजिस्टर पुरलं नसतं.

माझ्या राउंडमध्ये करडी गावाच्या पुढे, जंगलाला अगदी चिकटून, वीस-पंचवीस घरांची एक टोली होती. नाव सांगत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. शहरातल्या माणसाला अंगणात हरीण म्हणजे काव्य वाटतं. या टोलीत चितळ म्हणजे मालक नसलेली बकरी. संध्याकाळ झाली की जंगलातून उतरायचं, घरांच्या मागे रेंगाळायचं, उजाडलं की परत जायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला अंगणातल्या मोहाची फुलं पडायला लागली की बायका टोपल्या घेऊन पहाटे निघत आणि चितळं त्यांच्या आधी हजर असत. मग दोन्ही पक्ष एकाच झाडाखाली, एकमेकांकडे पाठ करून, फुलं गोळा करत. बायका हाताने, चितळं तोंडाने. चितळांचा वेग जास्त होता.

ती गावाजवळ का येतात, हा प्रश्न मला पाहुणे नेहमी विचारत. त्यांना उत्तरात भूतदया अपेक्षित असे. खरं कारण साधं आहे. बिबट्या आणि रानकुत्री माणसाच्या वस्तीला बिचकतात. चितळांना हे केव्हाच कळलेलं आहे, म्हणून ती माणसाचा उपयोग कुंपणासारखा करतात. शिवाय जेवणाची सोय असते. आमच्या भागात धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी या कडधान्याचं बी फेकून ठेवतात. धान निघालं की खालून लाखोळी हिरवीगार वर येते. सगळं जंगल वाळायला लागलेलं असताना पायथ्याशी अशी हिरवी सतरंजी अंथरली, तर कोण येणार नाही? मी असतो तर मीही आलो असतो.

या टोलीत एक गोष्ट मी शिकलो. चितळाने नुकसान केलं की ते 'तुमचं' असतं आणि नागपूरहून पाहुणे आले की ते 'आमचं' असतं. झिबल नावाचे एक गृहस्थ या बाबतीत फार काटेकोर होते. झिबलभाऊ गावाचे स्वयंघोषित तज्ज्ञ. पाऊस, बैल, बाळंतपण आणि मोबाइलचे टॉवर या सर्वांवर त्यांचं मत तयार असे. एकदा ते सकाळीच माझ्या दारात आले.

"सायेब, तुमच्या जनावरानं माह्या सुनेचं लुगडं नेलन."

"कोणत्या जनावरानं?"

"शिंगवाल्यानं. दोरीवर वाळत होतं. कोरं होतं जी, एकदाच नेसली होती. थो आला, शिंगं घासलन अन् घेऊन गेला."

मी जाऊन पाहिलं तर खरंच होतं. बांधीच्या पलीकडे एक मोठा नर उभा होता. शिंगांना गुलाबी साडी गुंडाळलेली आणि पदर पाठीवरून खाली. माजाच्या दिवसांत नर दिसेल त्या झुडपावर शिंगं घासतात, त्यात हे घडलं होतं. इतर नर त्याच्याजवळ यायला बिचकत होते. माद्यांचं मत कळायला मार्ग नव्हता.

"पकडा ना त्याले. काहून पाहून राहिले नुसते?" झिबलभाऊ म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की चितळाची शिंगं बैलासारखी जन्मभराची नसतात. दर वर्षी गळतात आणि नवी येतात, साडीसुद्धा गळेल. तोवर त्याला खाता-पिता येतंय, दिसतंय, पळता येतंय. मग हात लावायचा नाही. त्यांना हे खात्याचं निमित्त वाटलं. सातव्या-आठव्या दिवशी साडी एका बाभळीवर सापडली, मधोमध फाटलेली. झिबलभाऊंनी पंचनाम्याचा आग्रह धरला. आमच्या नुकसानभरपाईच्या अर्जात पीक होतं, गुरं होती, माणूस होता. साडी कशातच बसत नव्हती. ते आजही मला भेटले की आधी त्या साडीची आठवण काढतात, मग तब्येत विचारतात.

हात न लावण्याबद्दल मी एवढा हट्टी का, तेही सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मादी कोरड्या विहिरीत पडली होती. मी तरुण होतो, हुशार होतो. दोर, जाळं, खाट असं सगळं लावून मी तिला वर काढलं. तिला साधं खरचटलंही नव्हतं. भोवती दोनेक गावं जमली होती. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. लोक तिला हात लावून पाहत होते, पोरांना उचलून दाखवत होते. मीही अडवलं नाही. मला तो हार आवडला होता. ती माझ्या डोळ्यांसमोर आडवी झाली, पाय ताणले आणि गेली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, या जनावराला धरलं आणि भोवती गर्दी केली की ते भीतीनेच मरतं. ते हार घातलेले फोटो कुणाकडे तरी असतील. मी मागितले नाहीत.

आता रायाबाईंकडे येतो.

रायाबाई टोलीतल्या शेवटच्या घरात एकट्या राहत. साठीच्या, काटक, बोलायला मोकळ्या. घरामागे सांदवाडी, म्हणजे वांगी-टमाटे-वालाच्या वेलांचं परस. तिला लागून त्यांची बांधी आणि बांधीला लागून जंगल. त्यामुळे चितळांचा मुक्काम सगळ्यात जास्त त्यांच्याकडे. त्यातली एक मादी तर रोजची. कान फाटलेला, म्हणून रायाबाई तिला फाटकानी म्हणत आणि शेजारणीशी बोलावं तसं तिच्याशी बोलत. "काहून वं, तुले घरदार नाई काय? रोज रोज माह्याच दारात?" फाटकानी कान हलवी आणि वालाची आणखी एक शेंग खाई.

माघ महिना असेल. दुपारी त्या बीटवरच्या वनरक्षक सुषमा मेश्राम यांचा फोन आला. मेश्रामबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बोलत कमी, त्यामुळे ऐकत जास्त. हा गुण आमच्या खात्यात दुर्मिळ आहे.

"सर, रायाबाईंच्या घरी पाडस आहे. काल दुपारपासून. तुम्ही आत्ताच निघा."

मी पोचलो तेव्हा पडवीत सगळी टोली जमली होती. मधोमध एक टोपलं, टोपल्यात धानाची तणस, म्हणजे पेंढा, आणि तणशीवर चार-सहा दिवसांचं पाडस. मांजरापेक्षा थोडं मोठं. कपाळावर काजळाचा ठसठशीत ठिपका आणि पायात काळा धागा.

"हे काय?" मी विचारलं.

"नजर नाई लागाव म्हून जी," रायाबाई म्हणाल्या. "कालपासून सारा गाव पाहून राहिला त्याले."

"सापडलं कुठं?"

"बांधीत. लाखोळी उपटून राहिली होती मी. हात घातला तं गरम लागलं. मले वाटलं ससा होय. पाहते तं हे! हाललं नाई, बोललं नाई, नुसतं डोये लावून पाहे माह्याकडं."

"मग तिथंच काहून नाही ठेवलं?"

"अन् कुत्रे, सायेब? झिबलभाऊचे दोन अन् बिनमालकाचे चार. मी सोडून आली असती अन् त्याईनं फाडलं असतं, तं माह्या जिवाले चैन पडलं असतं काय?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. हरणीचं पाडस एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं नसतं. पहिले काही दिवस आई त्याला गवतात किंवा पिकात दडवून चरायला जाते. पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो आणि ते हलत नाही, तेच त्याचं संरक्षण. आई दिवसातून काही वेळा येते, पाजते, परत जाते. दर वर्षी लाखोळीच्या दिवसांत कुणीतरी भला माणूस असं पाडस उचलून आणतो. दुष्ट माणसांमुळे जेवढी पाडसं आईला मुकतात, तेवढीच भल्या माणसांमुळेही मुकतात.

"आता मायच्या कामाचं नाई राह्यलं थे," झिबलभाऊंनी निकाल दिला. "माणसाचा हात लागला ना. म्हून मी कालच बकरीसंग घासून घेतलं त्याले."

"बकरीशी? कशासाठी?"

"माणसाचा वास जावा म्हून."

"गेला?"

"गेला ना. पण बकरीचा यायले लागला. म्हून मंग बाईनं साबनानं धुतलन."

"कोणत्या?"

"चंदनाच्या," रायाबाई हळूच म्हणाल्या. "घरात थेच होता."

मी वाकून वास घेतला. सगळे वास आपापल्या जागी होते. माणूस होता, बकरी होती, चंदन होतं, आणि डासांसाठी केलेला कडुनिंबाचा धूरही होता. फक्त चितळ नव्हतं.

मेश्रामबाईंनी मला बाजूला घेतलं. पाडसाला कापसाच्या वातीने बकरीचं दूध पाजलं होतं. ते त्याला मानवलं नव्हतं, पोट बिघडलं होतं. मान धरवत नव्हती. "उद्यापर्यंत काढेल की नाही सांगता येत नाही, सर. पण आई इथंच आहे. फाटकानीच असणार. काल संध्याकाळी आणि आज पहाटे बांधीत ओरडत होती, रायाबाईंनी ऐकलं."

म्हणजे प्रश्न सुटला होता. माणसाच्या वासाने आई पाडस टाकते, ही समजूत खरी नाही; मी दोनदा पाडसं परत ठेवली होती आणि दोन्ही वेळा आईने घेतली होती. खरा शत्रू वेळ असतो. आई एक दिवस शोधते, दीड दिवस शोधते, मग शोधणं सोडते. संध्याकाळी त्याच जागी पाडस ठेवायचं आणि सगळ्यांनी गुमान घरात बसायचं, एवढंच काम होतं.

तेवढ्यात आमच्या वरच्या साहेबांचा फोन आला.

झालं असं की झिबलभाऊंनी आदल्या संध्याकाळीच पाडसाचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला होता. तो गटागटांतून फिरत तालुक्याच्या एका निसर्गप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत पोचला आणि अध्यक्षांनी कार्यक्रम ठरवूनही टाकला. उद्या सकाळी अकरा वाजता टोलीत 'पाडस मुक्ती सोहळा'. प्रमुख पाहुणे ठरले, मंडप ठरला, बॅनर छापायला गेला. हे सगळं आमच्यापर्यंत पोचायच्या आधी.

"पाडस उद्यापर्यंत नीट सांभाळा," साहेब म्हणाले.

"साहेब, ते उद्यापर्यंत जगेल याची खात्री नाही. आणि अकरा वाजता चितळं आत जंगलात सावलीला असतात. आई नसेल तर सोडायचं कुणाकडे?"

"फोटो होऊ द्या, मग बघू. अहो, पाहुणे येतायत."

"ठीक आहे साहेब. तेवढं लेखी मिळेल का? पाडस रात्रभर घरात ठेवावं, असं?"

मग साहेब म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही तुमचा," आणि फोन बंद झाला. साहेब वाईट नव्हते. त्यांनाही वरून फोन होता. आमच्या खात्यात प्रत्येकाच्या वर एक फोन असतो. माझी सेवानिवृत्ती तेव्हा जवळ आली होती. खुलासे लिहायला हात चांगला बसला होता. मी मेश्रामबाईंना म्हटलं, "आवाज येत नव्हता, असं साहेब म्हणाले. म्हणजे मीही काही ऐकलेलं नाही."

कामाला लागलो. सगळ्यात मोठं संकट म्हणजे कुत्रे आणि झिबलभाऊंचं बोलणं. मी दोन्हींवर एकच तोडगा काढला. "भाऊ, फार जबाबदारीचं काम आहे, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही," असं म्हणून सहाही कुत्रे त्यांच्या ताब्यात दिले आणि कुत्र्यांसकट त्यांना टोलीच्या दुसऱ्या टोकाला, समाजमंदिरात कोंडलं. मेश्रामबाई घरोघर फिरल्या. आज अंधार पडेपर्यंत टीव्ही नाही, पीठगिरणी नाही, पोरांची आरडाओरड नाही. त्या टोलीने कोणत्याही मंत्र्यासाठी एवढी शांतता पाळली नव्हती.

मग धाग्यावरून वाद झाला. झुडपात अडकेल म्हणून मेश्रामबाईंनी तो कापायला घेतला. रायाबाई आडव्या आल्या.

"काजळ ठेवा, मावशी," मेश्रामबाई म्हणाल्या. "धागा देऊन टाका."

तडजोड झाली. लाखोळीचा पाला चुरगळून पाडसाच्या अंगाला चोळला, आणि रायाबाईंनी ते स्वतःच्या हाताने बांधीत, उपटायच्या राहिलेल्या लाखोळीत, नेमकं त्याच जागी ठेवलं. परत येताना त्या दोनदा मागे वळल्या.

आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. कुडाच्या भिंतीला, म्हणजे काड्यांवर माती लिंपलेल्या भिंतीला, फटी असतात. प्रत्येकाला एक फट मिळाली. सूर्य मोहाच्या मागे गेला.

"सायेब, नाई घेतलन तं?" रायाबाईंनी विचारलं.

"घेईल."

"तसं नाई जी. नाई घेतलन तं काय करान?"

"तर मग भंडाऱ्याला नेऊ. डॉक्टर बघतील."

"अन् मंग जगते काय थे?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मेश्रामबाई आधी बोलल्या. "बहुतेक नाही, मावशी."

रायाबाई फटीकडे तोंड करून बसल्या. "मंग मीच मारलं म्हना ना त्याले," त्या म्हणाल्या. "कुत्रे तरी भुकेनं मारतेत."

फाटकानी आली ती एकदम. क्षणापूर्वी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काही नव्हतं, आणि मग ती होती. मान ताठ, फाटका कान पुढे. तिने एक हाक दिली. पाडस गप्प. ती लाखोळीत उतरली, अंदाज घेत घेत जागेपाशी आली, मान खाली घातली, आणि शिंकली.

मी नोकरीत चितळाला शिंकताना तेवढं एकदाच पाहिलं. तिने मागे उडी मारली, पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला. चितळ असा पाय आपटतं तेव्हा त्याचा अर्थ एकच: काहीतरी भलतंच आहे, पळा. ती वळली आणि धुऱ्यावरून पलीकडे गेली.

रायाबाईंनी मेश्रामबाईंचा हात धरला होता. किती घट्ट, ते मेश्रामबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "त्या साबनाले आग लागो," त्या पुटपुटल्या. मी घड्याळ बघितलं नाही, पण अंधारात पाडस परत आणायला कसं जायचं, याचा विचार करायला लागलो होतो.

धुऱ्यावर पुन्हा कान दिसला. मग डोकं. ती तिथूनच ओरडली, आणि या वेळी लाखोळीतून बारीक आवाज आला, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. पाडस उभं राहिलं. चारही पाय चार दिशांना. दोन पावलं टाकून पडलं, पुन्हा उठलं. फाटकानी धावत खाली आली. पाडस तिच्या पोटाखाली शिरलं आणि त्याची एवढीशी शेपटी जी हलायला लागली, ती थांबेना. दूध पाजता पाजता फाटकानी त्याला चाटत होती. डोकं, कान, पाठ, पुन्हा डोकं. मध्येच थांबे, नाक मुरडे, पुन्हा चाटे. चंदन काढायला तिला बराच वेळ लागला. मग दोघं धुरा ओलांडून जंगलात गेली. पाडसाला धुऱ्यावर चढायला तीन प्रयत्न लागले.

रायाबाई डोळे पुसत होत्या. "बेस धुतलन वं," त्या मेश्रामबाईंना म्हणाल्या. "आपल्यापेक्षा बेस धुतलन."

दुसऱ्या दिवशी अकराला मंडप सजला होता. ध्वनिक्षेपक सकाळी आठपासून चालू होता. अध्यक्ष कडक इस्त्रीच्या जाकिटात उतरले आणि थेट माझ्याकडे आले.

"पाडस कुठंय?"

"मुक्त झालं. काल संध्याकाळी."

"मुक्त झालं म्हणजे? कोणाच्या हस्ते?"

"रायाबाईंच्या."

"ह्या कोण?"

"घरमालकीण. पाडस त्यांच्याच बांधीतलं."

अध्यक्षांनी मंडपाकडे, खुर्च्यांकडे आणि रस्त्यावर येत असलेल्या पाहुण्यांच्या गाडीकडे पाहिलं. "मग आता आम्ही काय सोडायचं?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. झिबलभाऊंनी लगेच बकरीचं ठिपकेवालं पिल्लू सुचवलं. अध्यक्षांनी त्यावर क्षणभर खरोखर विचार केला, हे मी स्वतः पाहिलं.

मार्ग पाहुण्यांनीच काढला. ते वयस्कर गृहस्थ होते आणि त्यांना जेवणाआधी गोळी घ्यायची होती. "त्या बाईंचाच सत्कार करा ना," ते म्हणाले, "आणि चला." शाल आली, नारळ आला. रायाबाईंना हाताला धरून वर नेलं आणि दोन शब्द बोलायला माइक पुढे केला. त्यांनी माइककडे जरा संशयाने पाहिलं.

"लेकराले माय भेटली," त्या म्हणाल्या. "माही लाखोळी उपटाची रायली हाय. जाते मी."

आणि गेल्या. माझ्या ऐकण्यातलं हे सगळ्यात आटोपशीर भाषण. त्यानंतर अध्यक्ष पाऊण तास बोलले.

माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. मी लिहिलं, "संबंधित पाडसाची आई नियोजित वेळेपूर्वी उपस्थित झाल्याने मुक्ततेची कार्यवाही तत्काळ पूर्ण करण्यात आली." आठवड्याने कागद परत आला. त्यावर साहेबांचा शेरा होता, "पाहिले. दाखल करा." अक्षरावरून ते हसत असावेत, असं मला वाटलं. पण अक्षरावरून फार काही ठरवू नये.

पंधरा दिवसांनी मी टोलीत गेलो. रायाबाईंची लाखोळी काढून झाली होती. सोहळ्याचा बॅनर त्यांनी मागून घेतला होता, कापड मजबूत होतं म्हणून. तो सांदवाडीच्या मागच्या कुंपणाला ताणून बांधला होता. डावीकडे अध्यक्षांचा फोटो, उजवीकडे पाहुण्यांचा त्याहून मोठा, मध्ये कुठल्यातरी परदेशी हरणाचं पिल्लू, आणि वर सोनेरी अक्षरात 'पाडस मुक्ती सोहळा'.

"हे कशाला बांधलं, बाई?"

"हरनं येतेत ना जी. वालाच्या शेंगा नाई ठेवत."

बॅनर जमिनीपासून पाच फूट उंच होता आणि पाहुण्यांच्या बाजूचा एक खुंट ढिला होता. पहाटे फाटकानी तिथून आत आली होती, मागोमाग पाडस. शेंगा संपल्या होत्या.